सेंट पीटरच्या हद्दीतली उशी

(समुद्राकाठच्या जुन्या इंग्लिश गावातलं एक स्वयंपाकघर. हेस्टर आणि तिची नणंद थर्झा कणीक मळताहेत.)

हेस्टर : साल एकोणीसशे छप्पन्न, वन्सं. सत्तावन्न नव्हे. माझं लग्न मला ठाऊक की तुम्हाला?

थर्झा : बरं बाई, छप्पन्न. पण मे महिन्यातला गुरुवार होता आणि शनिवारी तुझं लग्न, एवढं तरी बरोबर ना, वहिनी?

हेस्टर : बरोबर. युद्धानंतर पहिल्यांदाच आपल्या दोन चर्चच्या हद्दीची फेरी निघाली होती. पुढे दोन्ही चर्चचे पाद्री, मागे तुम्ही पोरंपोरी काठ्यांनी हद्दीचे दगड बडवत.

थर्झा : आणि दगड संपले ते तुझ्या बापाच्या दाराशी! जुन्या नकाशातली रेघ थेट या घरातून. मग फेरीही घरातूनच जाणार. आम्ही खिडकीतून आत नि मागच्या दारानं बाहेर. जाताजाता तुझ्या आईचे चार बन लांबवले मी.

हेस्टर : सहा. तिनं पाहिलं होतं.

थर्झा : पन्नास वर्षांत बोलली नाहीस!

हेस्टर : त्या दिवशी बनांचं कुणाला पडलं होतं? तीच रेघ वर माझ्या पलंगावरून आडवी जात होती. अर्धा पलंग खालच्या सेंट पीटरचा, अर्धा टेकडीवरच्या सेंट ॲनचा. आणि लग्नाची घोषणा तीन रविवार झालेली, ती फक्त सेंट पीटरमध्ये.

थर्झा : मुलगी राहते त्या हद्दीच्या चर्चमध्ये घोषणा नाही, तर लग्न नाही. आणि सोमवारपासून बांगड्याचा हंगाम. माझा भाऊ आल्बन गेला असता समुद्रावर, लग्न गेलं असतं सप्टेंबरात.

हेस्टर : सेंट ॲनचे रेव्हरंड क्रॉले धापा टाकत जिना चढले. धुण्याचा दिवस, चादर-उशी काढून पलंग उघडाच होता. म्हणाले, "माणूस डोकं ठेवतो तिथला रहिवासी. मिस पिल्बीम, उशी कुठल्या बाजूला असते?"

थर्झा : आणि तू ठणकावून सांगितलंस, सेंट पीटरच्या! आल्बननं पबमध्ये हजारदा सांगितलंय.

हेस्टर : ठणकावून कसलं! आधी बाबांकडे बघितलं. तीस वर्षं सेंट पीटरची घंटा ओढून हाताला घट्टे पडलेले. दारात टोपी चुरगाळत उभे होते. मग मी म्हटलं, सेंट पीटरच्या.

थर्झा : बरं, मग?

हेस्टर : वन्सं, उशी सेंट ॲनच्या बाजूला असायची. तिथून खिडकीतून तुमच्या भावाची होडी दिसायची.

थर्झा : अगं बाई! पाद्र्यासमोर खोटं? आल्बनला ठाऊक होतं?

हेस्टर : लग्न लागल्या लागल्या सांगितलं. बाबा कोट काढून मनोऱ्यात पळाले होते, आणि घंटा अशा दणाणत होत्या की मला त्याच्या कानात ओरडावं लागलं.

थर्झा : काय म्हणाला?

हेस्टर : हसत सुटला. मग इथेच राहायला आला, आणि हंगामाला निघायच्या आधी उशी उचलून सेंट पीटरच्या बाजूला ठेवली. म्हणाला, "घे, आजपासून खरं."

थर्झा : उद्या फेरी येईल तेव्हा नव्या पाद्रीणबाईंना सांगणार?

हेस्टर : सांगणार. आता कुणाचं काय बिघडतंय? क्रॉले नव्वदीपर्यंत गुलाब वाढवत बसले, दर नाताळाला कार्ड पाठवायचे. बाबांनी सत्तरीपर्यंत घंटा ओढली. आल्बनला सेंट पीटरच्या दफनभूमीत जागा उरली नव्हती, म्हणून सेंट ॲनच्या टेकडीवर ठेवलंय. समुद्र दिसतो तिथून.

थर्झा : आणि उशी?

हेस्टर : त्यानं ठेवली तिथेच आहे. बरं, ती कणीक इकडे द्या. उद्या पोरं खिडकीतून येतील, सहा बन जास्तीचे करू.