गजेंद्रच्या कोचची खबर

या, जवळ बसा, दर्यापूरच्या बसस्टँडवरची गोष्ट सांगतो. वांग्यांची टोपली पायाशी ठेवून बसलेल्या नत्थुजींना शेजारच्या पोरीच्या हातात मोबाइल दिसला.

"पोरी, पॅराग्वेचा तो म्हातारा फुटबॉल कोच आता कोन्त्या संघात हाय, पाह्य बरं."

"तुमी फुटबॉल पाह्यता, बाबाजी?"

"मी कायले? माहा पोरगा पाहे, गजेंद्र. दहाव्याले त्याच्या पिंडाले कावळा शिवेना. म्हटलं, बापू, तुह्या कोचची खबर मी घेत जाईन. तवा शिवला."

"कधीची गोष्ट?"

"चार वर्षं झाले. तीनदा काढलं कोचले, तीनदा नवा संघ भेटला. जिंकते कमी, हिंडते जास्त."

"बाबाजी, त्यानं काल काम सोडलं. आता घरीच राहीन म्हणते."

नत्थुजींनी टोपलीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

"मंग आता मी गजेंद्रले काय सांगू?"

पोरीनं मोबाइल बंद करून पिशवीत ठेवला.

"पोरी, फुटबॉल दिसला का त्याची याद करजो. गजेंद्र नाव होतं."