आप्पांच्या अंगणातली अंबील

जमलेल्या समद्या मंडळींना रामराम. धावड्याहून आप्पांचे भाऊबंद आलेत, वडीगोद्रीहून लेकीकडचे पाव्हणे आलेत, आपले बंबावरचे गडी तर हायेतच. मी विठोबा, आगीच्या बंबावर आप्पांच्या हाताखाली पाण्याची नळी धरणारा. मला सभेत बोलता येत न्हाई. आज तर रडताबी येईना. मंडळी, खरं सांगतो, मला राग आलाय. आप्पांचा राग आलाय.

तुम्ही म्हणाल, विठोबा, गेलेल्या माणसावर असं बोलावं का? बोलावं. आप्पांनीच शिकवलं ते.

आग विझली की आप्पांचा एकच कायदा. कुणी सरळ घरी जायचं न्हाई. बिलकुल न्हाई. ह्या अंगणात यायचं, हातपाय धुवायचे. मंग आप्पा करडईचं तेल कोमट करून एकेकाचे पाय रगडायचे. आप्पांच्या मालकीण, आपल्या पार्वतीकाकू, चुलीवर अंबील ठेवायच्या. अन् पोटात अंबील गेली की एकेकानं सांगायचं, आज काय पाहिलं, कशाची भीती वाटली. आप्पा म्हणायचे, "बोल रे. धूर नुसता खोकून निघत न्हाई. लेकराबाळांत जायच्या आधी इथं बोलून टाक."

आठवतं का, जिनिंगला आग लागली ती दुपार? कापसानं भडका घेतला अन् एक हमाल आत राहिला. आपले हुसेनभाई पुढच्या दारातून आत गेल्ते. धुरात त्यांना तो दिसलाच न्हाई. ह्याच अंगणात हुसेनभाई भिंतीकडं तोंड करून बसले. अंबीलबी घेईनात. आप्पांनी त्यांचे पाय मांडीवर घेतले. रगडत राह्यले, रगडत राह्यले. मंग हुसेनभाई फुटले. "माझ्यामुळं गेला तो," म्हणाले. पोटभर रडले, अन् दुसऱ्या आगीला बराबर बंबावर हजर झाले. आप्पा नसते तर ते बंब सोडून आपल्या गावी भोकरदनला निघून गेले असते. कायमचे.

आपण म्हणायचो, "आप्पा, आता तुमची पाळी." आप्पा उठायचे. "आलोच. अंबील उतू जाईल." काकूंच्या हातातली पळी घ्यायचे अन् चुलीपाशी जाऊन बसायचे. आपल्याला वाटायचं, किती करतो हा माणूस आपल्यासाठी! आपण वाडगं पुढं करायचो. पाळी पुढच्यावर जायची. दर आगीला हेच.

परवा, आप्पांच्या छातीची धडधड कायमची थांबल्यावर, काकूंनी मला अन् हुसेनभाईला जवळ बसवलं. म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर हे एकटेच चुलीपाशी बसायचे. उजवा हात पाण्याच्या बादलीत घालून. मी म्हणायची, अहो, हात तर भाजलेला न्हाई. तर म्हणायचे, त्याचा हात ह्या हातातून सुटला गं."

त्याच जिनिंगमधल्या हमालाचा हात, काकूंनीच सांगितलं. मागच्या खिडकीतून आप्पांनी धरला होता. धरला होता, मंडळी! अन् तो सुटला.

म्हणजे हुसेनभाई इथं बसून ऊर फुटेस्तोवर रडत होते, तवा आप्पा त्याच हातानं त्यांचे पाय रगडत होते. अन् एक शब्द बोलले न्हाईत! "तू एकटा न्हाईस, माझ्याबी हातून गेला," एवढंबी न्हाई.

हुसेनभाई काकूंना काय म्हणाले, सांगू? म्हणाले, "आप्पानं मला एकट्याला रडू दिलं."

हा दगा न्हाई तर काय हाय? आप्पा, आमची पोटं रिकामी करून घेतली अन् स्वतःचं झाकून ठेवलं? आम्ही तुमचे कोण होतो मंग? तुमचे पाय रगडायला आमचे हात नव्हते का? एकदा तरी मांडी मागायची होती. आम्ही दिली असती हो, आप्पा.

आता रिवाज असा, की उभं राहून घडीभर गप्प राहायचं. मी ते मागणार न्हाई. ह्या अंगणात गप्प बसणं फार झालं.

काकूंनी चुलीवर अंबील ठेवली हाय. मघापासून तुम्ही पाहून राह्यले, की विठोबाच्या हातात पळी कशाला. आजपासून कायदा बदलला. ज्याच्या हातात पळी, त्यानं आधी बोलायचं. म्हणून मी बोललो.

आप्पा, रामराम. राग अजून गेला न्हाई, तरी घ्या.

हुसेनभाई, या. पळी धरा.