मेश्रामकाकांनी नागपूरला पाठवलेली पाकिटं

सन्माननीय अध्यक्ष, वैद्यकीय अधीक्षक मॅडम, व्यासपीठावरचे मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले एक्स-रे तंत्रज्ञ शालीकराम मेश्राम, शकुंतलाकाकू आणि जमलेल्या समस्त आमगावकरांनो, सर्वांना जयभीम आणि नमस्कार!

मी अल्का रामटेके. नवेगाव बांधच्या शाळेत गणित शिकवते. आज आवाज जरा चढला तर सांभाळून घ्या, कारण बातमीच तशी आणली आहे! पण आधी घडलेलं सांगू द्या.

२००१ साली मी चौदा वर्षांची होते. गुडघ्याच्या वर सूज आली होती आणि गावात रोज तेलाची मालिश चालली होती. शेवटी आई, भागीरथाबाई, मला इथे, या दवाखान्यात घेऊन आली. काकांनी एक्स-रे काढला, ओली फिल्म उजेडात धरली आणि बाहेर येऊन म्हणाले, "मालिश करून राहिले काय? आजपासून हातबी नोका लावू. चला, डॉक्टरसाहेबाले दाखवू."

निघाला हाडाचा कर्करोग. तेव्हा अशा दुखण्यात बहुतेकदा पायच कापत. नागपूरचे एक सर्जन मात्र अभ्यास करत होते. केमो द्यायची, फक्त रोगट हाड काढायचं, तिथे धातूचा सांधा बसवायचा आणि दहा वर्षं रुग्णावर लक्ष ठेवायचं. आई भडकलीच. "माह्या पोरीवर प्रयोग करून राहिले काय जी?"

काका रजा काढून सोबत आले होते. ते म्हणाले, "साहेब, फायदा मागून सांगा. पहिले धोका सांगा, आमाले समजन असा."

सर्जनांनी लपवलं नाही. गाठ परत येऊ शकते, मग पाय जाईल, जीवही जाईल. अभ्यासाला नाही म्हटलं तरी उपचार मात्र होतीलच.

आई माझ्याकडे वळली. "तू सांग. पाय तुहा हाय."

चौदा वर्षांच्या मुलीला असं कोण विचारतं हो? मी म्हटलं, "सही कर."

पाय वाचला! हा रोग फुप्फुसात पसरू शकतो, म्हणून पुढे दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे इथे काढायचा आणि काकांनी फिल्म पाकिटात घालून नागपूरला पाठवायची. दुसऱ्या वर्षी केस दाट आले, तेव्हा मी ठरवलं, पुरे झालं. तारीख चुकवली. चौथ्या दिवशी काका सायकलने दारात!

"काऊन नाही आली?"

"मी बरी झाली ना जी."

"ते तू नोको सांगू. फिल्म सांगन."

त्या दिवशी काढलेल्या फिल्मवर फुप्फुसात तुरीच्या दाण्याएवढा ठिपका होता. वेळेत ऑपरेशन झालं, म्हणून मी आज बोलते आहे.

आता बातमी! तो अभ्यास यंदा, २०१३ मध्ये, एका वैद्यकीय मासिकाच्या अंकात छापून आला. बाहेरगावच्या कितीतरी रुग्णांचा पुढे पत्ताच लागला नाही, पण आमगावची पाकिटं शेवटपर्यंत पोहोचली. शेवटच्या पानावर आभारात एक नाव आहे. काकांना हे अजून ठाऊक नाही. वाचते: "श्री. शालीकराम मेश्राम, आमगाव."

टाळ्या थांबवू नका! बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. उत्साहात काही उणंअधिक निघालं असेल तर लेक समजून पोटात घाला. हा अंक काकांच्या हाती द्यायचा आहे. काका, तुम्ही बसा. मी येते चालत.