नितळ पाणी

शोभेच्या माशांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक बहीण-भाऊ होते. तिच्या हातात घरच्या प्रवाळाच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्याची बाटली होती.

"ताई, पाणी हिरवंगार झालं होतं, म्हणून मी काल अतिनील दिवा लावला."

"मला न विचारता?"

"बघ ना, पाणी काचेसारखं झालंय."

"आणि मासे वर येऊन तोंडं उघडतायत, त्याचं काय?"

दुकानदाराने बाटलीतलं पाणी तपासलं.

"सगळं शेवाळ एकदम मेलंय, आणि ते पाण्यातच कुजतंय. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतंय. दिवा फक्त मारतो हो, मेलेलं बाहेर काढत नाही."

"मग आता?"

"हा हवेचा पंप लावा, थोडं पाणी बदला. तुम्ही पोहोचेपर्यंत घरी कुणीतरी ढवळत राहायला हवं."

"आई आहे. लाव रे फोन."

"आई, मोठा डाव घे आणि टाकीतलं पाणी ढवळत राहा. थांबू नकोस," भाऊ फोनवर म्हणाला.

"एवढी कसली घाई होती तुला?" बहिणीने त्याला विचारलं.

"बाबांना मान वळवता येत नाही, ताई. पलंगावरून समोर ती टाकीच तेवढी दिसते. किती दिवस नुसतं हिरवं बघायचं त्यांनी?"

"जागे आहेत का, विचार आईला."

त्याने फोनवर विचारलं. "हो. आई म्हणते, खूश आहेत."

"कशाने?"

"म्हणतायत, कधी नव्हे ते सगळे मासे एकदम वर आलेत."

ती दुकानदाराकडे वळली.

"दोन पंप द्या."