वाऱ्याचे दोन डबे

मंडळी, ऐका! माणसानं चोरी केली नाही, खोटं बोलला नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही – तरी त्याच्या हातून पाप घडतं का हो? मान हलवू नका! आधी हिराजीला भेटा.

मांडवखोल नावाचा एक कोळीवाडा. तिथला हा हिराजी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. गुडघे गेले, म्हणून होडी मुलाच्या, बाळारामच्या हाती दिलेली. पण डिझेल भरायचं काम? ते त्याचंच! पंप लांब, रस्त्यावर. तिथून डब्यांनी आणायचं आणि होडीत ओतायचं. बापानं घालून दिलेला नेम होता – आठ डबे जाऊन येण्याला, दोन डबे वाऱ्याला. वारा फिरला तर ते दोन डबे होडीला घरी आणतात! नेम चांगला होता, मंडळी. नेमात खोट नव्हती.

तर काय झालं – जुने रॉकेलचे डबे गंजले, बुडं गेली. हिराजीनं वाण्याकडून गोड्या तेलाचे रिकामे डबे आणले. चकचकीत! आता भांडं चकचकीत दिसलं की आत किती मावतं ते आपण विचारतो का? अहो, जावई बघतानासुद्धा विचारत नाही!

पण सून हुशार. चांगुणा तिचं नाव. म्हणाली, "आबा, ह्ये डबे लहान दिसतात वो. पंपावर विचारा की, किती लिटर मावतं."

"डबा म्हंजे डबा, पोरी! माझा बाप काय येडा व्हता?"

पंपावरचा माणूसही म्हणाला, "तांडेल, दहा डब्यांत दीडशे लिटर बसलं."

जुन्या डब्यात अठरा लिटर मावायचं – हे हिराजीला ठाऊक होतं हो! दहा डब्यांचं एकशेऐंशी व्हायला हवं होतं. एक गुणाकार! पण तो काय म्हणाला? "लिटर तुझ्यापाशी ठेव! आमचा दर्या लिटर नाय वळखत!"

आणि बापाला आठवून त्यानं मोठ्या समाधानानं दहा डबे ओतले.

मंडळी, हिशेब करा. तीस लिटर कमी! जाण्यायेण्यापुरतं कसंबसं होतं. वाऱ्याचे डबे? ते भरलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळाराम होडी घेऊन गेला आणि दुपारी वारा फिरला. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर. होडी दिसत होती! बाळाराम सुकाणूवर उभा दिसत होता! हिराजी हसून म्हणाला, "घाबरू नगा, वाऱ्याला दोन डबे हायेत."

आणि इंजिनाचा धूर थांबला.

पुढं काय सांगू? होडी खडकाकडं सरकत गेली. दोन होड्या मदतीला ढकलल्या, लाटांनी दोन्ही मागं फेकल्या. होडी फुटली. होडीवरचे तिघे खलाशी रिकामे डबे बांधून केलेल्या तराफ्याला धरून वाचले. त्यांना आधी उतरवणारा बाळाराम नाही वाचला. हिराजी किनाऱ्यावरून हाका मारत होता – "बाळा, डिझेल हाय! चालू कर! डिझेल हाय!"

तेरावं उरकलं. लोक म्हणत होते, दर्याचा कोप, दैवाचा फेरा. हिराजीला तेवढं पुरे होतं – पण मन ऐकेना. त्यानं शेजाऱ्याकडून एक धड जुना डबा मागून आणला. अंगणात बसला. जुना डबा पाण्यानं काठोकाठ भरला आणि नव्यात ओतू लागला. नवा भरला. वरून सांडायला लागला. जुन्यात पाणी होतंच!

म्हातारा उरलेल्या पाण्याकडं बघत राहिला. ओतता येईना, ठेवता येईना.

चांगुणा दारात उभी होती. ना ओरडली, ना रडली. म्हणाली,

"आबा, आता मोजताय?"

मंडळी... हिराजीनं त्यानंतर देवाला खूप विचारलं, "माझा काय गुन्हा?" देव बोलला नाही. मीही या गादीवर बसून गोड काही सांगणार नाही. त्याला क्षमा झाली का, मला ठाऊक नाही. बाळाराम आला नाही, एवढं ठाऊक आहे.

वाडवडिलांचा नेम पाळता ना? पाळा! पण भांडं बदललं का, ते बघता? घरातलं कुणी सांगतं तेव्हा ऐकता? का "तुला काय कळतंय" म्हणून तिला गप्प करता? माना खाली घालू नका, मंडळी. तुमचंही कुणीतरी तुमच्या भरवशावर बाहेर गेलंय.

नाम घ्या आता. हळू घ्या. आणि घरी गेल्यावर, ज्याला गप्प केलंत, त्याला आधी बोलू द्या.