चित्रामागची मोडी

माझा मावसभाऊ गोपाळअण्णा यानं मला फसवलं, हे पहिलं लिहून घ्या, बाकीचं मग.

आमची घराणी कित्येक पिढ्यांमागं बेंगळुरूला आली, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. वडील शिंपी. मी सातवीत शाळा सोडली, सायकलवरून रद्दी गोळा केली, आणि रद्दीतून जुनी छापील चित्रं ओळखायची नजर माझी मी कमावली. आज बनशंकरीत माझं स्वतःचं दुकान आहे. आजोबांनी मला आणि अण्णाला मोडी शिकवली होती, ती मी धंद्यात वापरली, चित्र हाती आलं की पाठीमागं पेन्सिलीनं मोडीत टिपण करायचं, म्हणजे बाजारात दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. एक अण्णा सोडून, आणि तिथंच मी चुकलो.

काय सांगू तुम्हाला, एका जुन्या बंगल्याच्या रद्दीत एक फ्रेंच वर्तमानपत्राचं पान मिळालं. रंगीत चित्र, गल्लीत जपानी शिपाई बंदुका रोखून, समोर पांढऱ्या कपड्यातली माणसं, डोक्यावर काळ्या जाळीच्या उंच टोप्या, एकाचा पाय अनवाणी. कोरमंगल्याच्या पीजीतली एक मुलगी माझ्याकडं जुने नकाशे बघायला येते, तिनं फोनवर भाषांतर करून खालची ओळ वाचून दिली, कोरियातले दंगेखोर. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अगो, गल्ली त्यांची, घरं त्यांची, हे बाहेरून आलेले, मग दंगेखोर कोण? त्याच रागात मी पाठीमागं मोडीत लिहिलं, दंगेखोर नव्हेत, घरची माणसं.

मग पान चौकटीसाठी अण्णाकडं दिलं. जयनगरात त्याचं फ्रेमचं दुकान, गोरा, उंच, इंग्रजी फाडफाड. म्हणाला, स्वल्प थांब, चांगली लाकडाची पट्टी मागवतो. मी सरी, बरं, म्हटलं. थांबलो दोन महिने.

आणि ते पान दिसलं कुठं, तर कोरमंगल्यात एका प्रदर्शनात, मला तीच मुलगी घेऊन गेली. खाली पाटी, शोध आणि संग्रह गोपाळअण्णाचा. त्याच्याखाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत काय होतं ते मुलीनं वाचून सांगितलं, दंगेखोर नव्हेत, घरची माणसं. माझे शब्द! समोर कोरियाहून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या, त्यांचे आजोबा जपान्यांविरुद्धच्या त्या लढ्यात गेले म्हणे. अण्णा म्हणाला, मॅडम, चित्र बघताच मला कळलं. बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कमरेतून वाकल्या. वाकून राहिल्या.

खोटं कशाला बोलू, मी जळलो. माझ्यापुढं आयुष्यात कुणी असं वाकलेलं नाही. मी ओरडलो, पान उलटं करा, पाठीमागं बघा! अण्णा हसून, धाकट्या भावाला समजवावं तसं म्हणाला, काय रे तम्मा, आता ते पुठ्ठ्यावर चिकटवलंय, काढलं तर फाटेल. रखवालदारानं मला दंड धरून बाहेर काढलं, आणि बाई माझ्याकडं अशा बघत होत्या, जसा काही दंगा मीच करतोय.

दुकान चाललंय, तब्येत बरी आहे, पण झोप उडाली. बाई अजून आठवडाभर इथं आहेत. अण्णा, बेंगळुरूच्या या बाजारात मोडी वाचणारे दोघेच, तू आणि मी. चित्र बघताच तुला कळलं ना? मग हे शब्द तुला कुठं दिसले, ते त्या बाईंसमोर उभं राहून सांग.