हातावरचा ऊद

धाकटा : आता पुरे कर की, ताई. सकाळपासून हुंगतेस. कातडी झिजेल माझी.

ताई : हलू नकोस. आणि चोळू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? चोळलं की वास चुरगळतो.

धाकटा : चोळत नव्हतो. खाजत होतं.

ताई : परवाही खाजवत होतास.

धाकटा : थंडी पडलीय, कातडी कोरडी होते. तू तुझं बघ. काय म्हणतोय आमचा नवरदेव?

ताई : कोण नवरदेव?

धाकटा : हा बाटलीतला, आपलं अत्तर. खोक्यावर काय छापलंय वाचलंस का? 'पुरुषांसाठी. गोड आणि काष्ठगंधी ऊद.' गोड पुरुष! आमच्या पॅकिंग खात्यात एक दाखव मला. आहेत ते सगळे काष्ठच.

ताई : बडबड बंद कर जरा. लाकूड आलं. छान आलं, कोरडं, जुन्या कपाटाचं दार उघडल्यावर येतं तसं. मागून धूरही आला. गोडवा तेवढा येत नाही. लावून तास होऊन गेला, एव्हाना मध उतरायला हवा होता.

धाकटा : उतरेल की. मधच तो, सावकाश उतरणार.

ताई : आणि खाली काहीतरी आहे.

धाकटा : खाली म्हणजे?

ताई : लाकडाच्या खाली. मागच्या दोन्ही खेपांना होतं तेच. कांदा खाल्लास का?

धाकटा : नाही.

ताई : साबण बदललास? सिगारेट?

धाकटा : अगं, वीस वर्षं हा हात तुमच्या कंपनीला वाहिलाय. पॅकिंगची पोरं मला नावानं हाक मारत नाहीत, 'हात आला, हात आला' म्हणतात. मी नियम मोडीन होय? तेल खराब असेल. दे पाठवून परत.

ताई : तिसऱ्यांदा? काका बाहेर बाकावर बसलेत. सकाळपासून.

धाकटा : मग बोलाव आणि सांगून टाक. मलाही जाऊ दे, खोकी पडलीत तिकडे.

ताई : काका! या आत. दार लावून घ्या, व्हरांड्यातल्या चहाचा वास येतो.

काका : आलो, बाई. सांगायची गरज नाही. तुमच्या तोंडावर लिहिलंय. नापास.

ताई : बसा तरी.

काका : बसून काय करू? अहो, हा ऊद मी काय आज पहिल्यांदा घडवतोय का? अगराचं तेल त्याच व्यापाऱ्याकडचं. चंदन तेच. व्हॅनिला तोच, हातानं मोजून घातलेला. पिंप तेच, मुरवत ठेवलं ती खोली तीच. आणि तुम्ही म्हणता गोडवा येत नाही. गेला कुठे मग? पिंपाला पाय फुटले?

ताई : चिडू नका, काका. मिश्रण तुमचं, निकाल माझा. असंच चालत आलंय.

काका : चिडत नाही हो. घाबरलोय. वर बोलणं सुरू झालंय, काकांचं नाक उतरलं म्हणून. ही खेपही परत गेली तर हातात नारळ देतील माझ्या. आयुष्य या वासात गेलं. घरी बसून काय हुंगू? भिंती?

धाकटा : काका, असं काही होणार नाही.

काका : तुम्हाला काय जातंय म्हणायला. बाई, माझं एकच ऐका. कपाटातली जुनी बाटली काढा. तुम्हीच पास केलेली, गेल्या वर्षीची.

ताई : ती तळाला आलीय, म्हणून जपून वापरते. पण कागदी पट्टीवर ताडून बघितलं मी. जुनं आणि नवं, दोन्ही पट्ट्या सारख्या.

काका : सारख्या? मग भांडण कसलं?

ताई : हातावर जुळत नाही.

काका : नवं हातावर लावलंत. जुनं लावलंत का?

ताई : नाही. जुन्याचा हातावरचा वास मला पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगीन.

काका : पाठ असू द्या. आज लावून बघा. डाव्या हातावर जुनं, उजव्यावर नवं. जुनं गोड लागलं आणि नवं नाही लागलं, तर मी स्वतः उठून जाईन. नारळसुद्धा मागणार नाही.

धाकटा : उगाच कशाला ते शेवटचे चार थेंब वाया घालवता, काका? ताईच्या नाकावर विश्वास नाही का?

काका : नाकावर आहे. आठवणीवर नाही. माणसाची आठवण लबाड असते.

ताई : बरोबर बोलतायत. डावी बाही वर कर.

धाकटा : दुसऱ्या कोणाला बोलाव ना. तो नवीन ड्रायव्हर आहे, चांगले दणकट हात आहेत.

काका : अहो, पास झालं ते तुमच्या हातावर. ताडायचं तर त्याच हातावर नको का?

धाकटा : मला आज जरा मळमळतंय.

ताई : सकाळी तर काही बोलला नाहीस. बाही वर कर म्हटलं ना.

धाकटा : घे. लाव. लाव काय लावायचं ते.

(दुपार. तीच खोली, खिडक्या बंद.)

काका : झाला का वेळ, बाई?

ताई : झाला. उजवा दे. हं. आता डावा.

काका : काय म्हणतो डावा?

ताई : थांबा. पुन्हा उजवा. पुन्हा डावा दे.

धाकटा : ताई, मान दुखेल तुझी.

ताई : गप्प बस. काका, तुम्ही लावलंय का मनगटावर?

काका : लावलंय की, नवंच. पण बनवणाऱ्याचा हात तुम्ही हिशेबात धरत नाही ना?

ताई : आज द्या.

काका : घ्या. म्हाताऱ्याचा हात आहे, सुरकुत्यांत अडकेल नाक.

ताई : गोड आहे.

काका : काय म्हणालात?

ताई : गोड आहे, काका. लाकूड आहे, धूर आहे आणि वरून मध. जसा हवा तसा.

काका : मग! मी काय सांगत होतो? आणि जुनं? डाव्या हातावरचं?

ताई : काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? चहा घ्या. मी बोलावते.

काका : अहो पण निकाल?

ताई : देते. आजच देते. दार ओढून घ्या.

धाकटा : बिचाऱ्याला उगाच टांगून ठेवलंस.

ताई : तू पाणी पी. सकाळपासून ग्लास तसाच भरलेला आहे.

धाकटा : तहान नाही.

ताई : परवाही नव्हती. बूट काढ.

धाकटा : काय?

ताई : बूट काढ.

धाकटा : इथे? या खोलीत? इथे कोणी पावडर लावून आलं तर तू हाकलून देतेस. माझे मोजे सुटले तर आठवडाभर खोली बंद ठेवावी लागेल.

ताई : काढ ना रे.

धाकटा : निघत नाहीत, ताई.

ताई : का?

धाकटा : पाय सुजतात दुपारपर्यंत. संध्याकाळी घरी बायको ओढून काढते.

ताई : कधीपासून?

धाकटा : उन्हाळ्यापासून असेल. तेव्हा वाटलं उभं राहून होतंय.

ताई : दोन्ही हातांवर तेच आहे. जुन्यातही गोडवा नाही. जुन्याच्याही खाली ते आहे.

धाकटा : म्हणजे तेल पास. हात नापास.

ताई : हसू नकोस. तो वास कसला आहे, मी सांगू का तू सांगतोस?

धाकटा : तूच सांग. तुझं खातं आहे.

ताई : नवसागर, अमोनियासारखा. बारीक, अगदी तळाशी. बाबांच्या खोलीत होता शेवटच्या वर्षी. फिनेलनं पुसायचे, चादरी उकळायचे, तरी जायचा नाही. बाबांना वाटायचं खोलीचा आहे. खिडकी उघड म्हणायचे.

धाकटा : आठवतंय.

ताई : बाबांसारख्याच किडन्या?

धाकटा : हं. दोन्ही.

ताई : डॉक्टर काय म्हणाले?

धाकटा : आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशिनवर या म्हणाले.

ताई : गेलास?

धाकटा : जाईन म्हणालो.

ताई : गेलास का विचारतेय मी!

धाकटा : नाही. ओरडू नकोस, काका ऐकतील.

ताई : ऐकू देत. अक्कल गहाण टाकलीस का? घरी माहीत आहे?

धाकटा : तिला माहीत आहे. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय तिला. तिच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागाव.

ताई : मी कोण लागते रे तुझी? परकी?

धाकटा : परकी असतीस तर सांगितलं असतं.

ताई : म्हणजे काय?

धाकटा : ताई, बाबांना मशिनवर तू न्यायचीस. मी नोकरीला लागलो होतो, नवीन लग्न झालं होतं, मी आपला रविवारी येऊन पेपर वाचून जायचो. तू त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असायचीस. तुझं ठरत आलेलं लग्न मोडलं. तो चांगला माणूस होता, त्यानं वाट बघितली आणि शेवटी गेला. बाबा गेले तेव्हा तू आरशात बघायचं सोडलं होतंस. आत्ता कुठे तू नाटकाला जातेस, साडी घ्यायला जातेस. आणि मी तुला पुन्हा त्याच खुर्चीत बसवू? माझ्यानं नाही होत.

ताई : म्हणून मरणार?

धाकटा : लगेच कुठे? हळूहळू.

ताई : थोबाडीत मारीन हं. एवढा घोडा झालास तरी मारीन.

धाकटा : मार. पण रडू नकोस. तुझं नाक चोंदलं तर कंपनी बंद पडेल.

ताई : तुला वाटतंय, मला हे आज कळलं?

धाकटा : म्हणजे?

ताई : पहिल्या खेपेलाच कळलं होतं. नाकाला कळलं, मी कळू दिलं नाही. जुनी बाटली जपून वापरायची आहे म्हणे! कसलं जपून. तुझ्या हातावर ती लावायची हिंमत नव्हती माझी. तेल परत पाठवलं. पुन्हा आलं, पुन्हा पाठवलं. आज तिसऱ्यांदा पाठवणार होते. तेल खराब निघालं की तू बरा होतास.

धाकटा : ताई...

ताई : बाहेर एक म्हातारा माणूस बसलाय, त्याचं नाक उतरलं म्हणून कंपनीभर झालंय. ते मी केलंय.

धाकटा : मग आजही पाठव परत.

ताई : काय बोलतोस?

धाकटा : तेल खराब म्हण. काका दोन दिवस आदळआपट करतील, पुन्हा नवं आणतील. तोवर मी हाताचं काम सोडतो, दुसरा हात शोधा. तू काही हुंगलं नाहीस, मी काही बोललो नाही. आपण दोघं जसे होतो तसे.

ताई : जमलं असतं तर मी सकाळीच केलं असतं.

धाकटा : आता नाही जमत?

ताई : नाही रे बाळा. आता नाही जमत.

धाकटा : मशिननं माणूस बरा होत नाही, ताई. बाबांचं बघितलंयस.

ताई : बघितलंय. बरा होत नाही, पण टिकतो. बाबांना आपण उशिरा नेलं, तरी ते टिकले.

धाकटा : खोक्यावर छापतात तसं? 'दिवसभर टिकेल'?

ताई : जितका टिकशील तितका. उद्या सकाळी जायचं. मी रजा टाकते.

धाकटा : तू यायचं नाहीस.

ताई : मी येणार. तुला विचारत नाहीये.

धाकटा : ऐकत नाहीसच तू. मग एक कबूल कर.

ताई : बोल.

धाकटा : यायचं तर बहीण म्हणून ये. नाक घरी ठेवून ये. शेजारी बसलीस आणि मला हुंगलंस तर मला कळेल, ताई. तुझ्या नाकपुड्या हलतात. बाबांनाही कळायचं.

ताई : बाबांना कळायचं?

धाकटा : एकदा म्हणाले होते मला. ताई आली की मी श्वास आवरून धरतो म्हणाले. जणू त्यानं वास थांबणार होता.

ताई : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

धाकटा : कसं सांगणार होतो?

ताई : नाही हुंगणार. कबूल.

धाकटा : बघ हं.

ताई : नाही म्हटलं ना. बाह्या खाली घे. बटण लाव. आण, मी लावते, बोटंही सुजलीत तुझी.

धाकटा : डोळे पूस आधी. काका म्हणतील, ऊद भलताच जहाल झालाय.

ताई : काका! या आत.

काका : आलो. सांगा, बाई. एकदाचं काय ते सांगून टाका. परत नेऊ?

ताई : नको. तेल चांगलं आहे, काका. पहिल्या खेपेपासून चांगलंच होतं.